रस्ता आला की उद्योग येतो का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

वाहतुकीच्या पायाभूत सुविधांवर होणारा खर्च आणि प्रदेशाची आर्थिक स्पर्धाक्षमता यांच्या संबंधाविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. बऱ्याच पत्रांतील आशय सारखा असल्याने त्यांतून सहा प्रश्न निवडले आहेत आणि काही प्रश्नांची भाषा थोडी आटोपशीर केली आहे.

प्रश्न : नवा महामार्ग झाला की अर्धा तास वाचेल, असे सांगितले जाते. त्यामुळे मी घरी लवकर पोहोचेन हे समजते. परंतु तेवढ्याने एखादा संपूर्ण प्रदेश दुसऱ्या प्रदेशाशी टक्कर देण्यास अधिक समर्थ कसा होतो?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. वाचलेली मिनिटे मोजायला सोपी असतात, म्हणून जाहिरातीत तीच येतात. पण लाभाचा मोठा भाग बहुधा दुसरीकडे असतो.

आधी साठ्याचे उदाहरण घेऊ. कच्चा माल नेमका कधी येईल याचा भरवसा ज्या कारखान्याला नसतो, तो जादा माल भरून ठेवतो. त्या मालासाठी गोदाम लागते, त्यात भांडवल अडकून पडते आणि त्या भांडवलावर व्याज चढत राहते. हा खर्च वाहतुकीच्या बिलात कोठेही दिसत नाही. तो तयार मालाच्या किमतीत मुरलेला असतो. भारतातील चार महानगरांना जोडणाऱ्या ५,८४६ किलोमीटर लांबीच्या सुवर्ण चतुष्कोन महामार्गाची सुधारणा झाल्यानंतर त्या मार्गावरील शहरांतील कारखान्यांनी काय केले, याचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा ते बारा दिवसांच्या उत्पादनाला जितका कच्चा माल लागतो, तितका साठा या कारखान्यांनी कमी केल्याचे त्यात आढळले. ट्रक किती वेगाने धावला यापेक्षा तो ठरल्या दिवशी पोहोचू लागला, ही गोष्ट कारखानदाराच्या लेखी अधिक मोलाची ठरली, असा त्याचा अर्थ मी लावतो.

आंतरराष्ट्रीय व्यापारातही वेळेची किंमत अशीच मोजता येते. डेव्हिड हमल्स आणि गेओर्ग शाउर या अर्थशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, माल वाटेत आणखी एक दिवस अडकून राहणे म्हणजे त्या मालावर ०.६ ते २.१ टक्के आयातशुल्क बसण्यासारखे आहे. ज्या प्रदेशातून माल बाहेर पडायला शेजारच्या प्रदेशापेक्षा पाच दिवस अधिक लागतात, तेथील उत्पादक स्वतःच्या डोक्यावर न दिसणारा कर घेऊनच बाजारात उतरतो.

दुसरा लाभ बाजाराच्या व्याप्तीचा. मालाचे वहनमूल्य घटले की तोच माल अधिक दूरवर विकणे परवडते, ग्राहक वाढतात, उत्पादनाचे प्रमाण वाढते आणि नगामागचा खर्च उतरतो. याचे ठसठशीत उदाहरण म्हणजे अमेरिकेतील एरी कालवा. १८१७ मध्ये काम सुरू होऊन १८२५ मध्ये तो पूर्ण झाला आणि त्याने हडसन नदी व एरी सरोवर यांना सुमारे ५८४ किलोमीटर लांबीच्या जलमार्गाने जोडले. त्यापूर्वी एरी सरोवराकाठच्या बफेलोहून न्यूयॉर्कपर्यंत एक टन माल नेण्यास जवळजवळ १०० डॉलर लागत असत. कालव्यानंतर तो खर्च १० डॉलरच्या आसपास आला. खंडाच्या अंतर्भागातील धान्याला समुद्र गाठण्याची स्वस्त वाट मिळाली आणि ती वाट न्यूयॉर्कच्या धक्क्यावर संपत असल्याने ते बंदर प्रतिस्पर्ध्यांच्या कितीतरी पुढे निघून गेले. बाल्टिमोरच्या व्यापाऱ्यांनी धास्ती घेऊन १८२७ मध्ये ओहायो नदीकडे जाणाऱ्या रेल्वेची कंपनी स्थापन केली. पेनसिल्व्हानिया राज्याने १८३४ पर्यंत कालवे आणि रेल्वे यांची सांगड घालून स्वतःचा मार्ग उभारला खरा, परंतु त्यात माल वारंवार बोटीतून गाडीत आणि गाडीतून बोटीत चढवावा लागे, डोंगर ओलांडताना तर दोरखंडांनी ओढावा लागे, आणि त्यामुळे त्याला एरी कालव्याची बरोबरी करता आली नाही. किती खर्च केला यापेक्षा माल न अडता शेवटापर्यंत जातो की नाही यावर निकाल लागतो, हे तेव्हाही दिसून आले होते.

प्रश्न : आमच्यासारख्या मागे पडलेल्या भागाला मोठ्या शहराशी वेगवान मार्गाने जोडले की उद्योग आमच्याकडे येतील, असे नेते सांगतात. उलट, आमच्याकडे जे थोडेफार आहे तेही शहराकडे ओढले जाईल, अशी भीती अनेकांना वाटते. कोणाचे खरे मानावे?

उत्तर : दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत, त्यामुळे भीती वाटणाऱ्यांना विकासविरोधी म्हणून मोडीत काढणे मला अन्यायाचे वाटते. मार्ग जसा आपला माल बाहेर नेतो तसा बाहेरचा माल आतही आणतो. वर उल्लेखिलेल्या एरी कालव्यातून पश्चिमेचा स्वस्त गहू पूर्वेला येऊ लागला, तेव्हा अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडच्या खडकाळ जमिनीत धान्य पिकवणाऱ्यांना त्याच्यासमोर टिकाव धरता येईना. त्यांतील काही लोकर आणि दुग्धव्यवसायाकडे वळले, काहींनी गाशा गुंडाळून पश्चिमेची वाट धरली. तोपर्यंत वाईट रस्ते हेच त्यांच्या शेतीचे कुंपण होते आणि कालव्याने ते कुंपण काढून टाकले.

याचे अलीकडचे आणि अधिक काटेकोर उदाहरण चीनचे आहे. तेथील राष्ट्रीय महामार्गांचे जाळे प्रामुख्याने मोठी शहरे एकमेकांना जोडण्यासाठी आखले गेले आणि वाटेतील लहान तालुके केवळ योगायोगाने त्यावर आले. बेन्यामिन फाबर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की महामार्गाने जोडल्या गेलेल्या परिघावरील तालुक्यांची उत्पन्नवाढ, न जोडल्या गेलेल्या तशाच तालुक्यांच्या तुलनेत मंदावली आणि ही घसरण मुख्यतः औद्योगिक उत्पादनात होती. कारण अनाकलनीय नाही. महानगरातील मोठा कारखाना मोठ्या प्रमाणावर काम करत असल्याने त्याचा नगामागचा खर्च कमी असतो; अंतरामुळे तो माल तालुक्याच्या बाजारात पोहोचत नव्हता, तोवर स्थानिक कारखाना तग धरून होता.

मात्र यावरून जोडणीच नको, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. सुवर्ण चतुष्कोनाच्याच दुसऱ्या एका अभ्यासात, सुधारलेल्या मार्गापासून दहा किलोमीटरच्या आतील जिल्ह्यांत संघटित कारखानदारी लक्षणीय वाढल्याचे दिसले, पण दहा ते पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यात तशी वाढ दिसली नाही. म्हणजे नकाशावर जवळ असणे पुरत नाही. मुख्य मार्गापर्यंत पोहोचणारा शेवटचा रस्ता लागतो, आणि अनेक योजनांत नेमका तोच कोणाच्याही अंदाजपत्रकात बसत नाही.

स्वीडनमधील माल्मो शहराची हकीकत या संदर्भात विचारात घेण्याजोगी आहे. जहाजबांधणीवर पोसलेल्या या शहराचा तो उद्योग विसाव्या शतकाच्या अखेरीस लयाला गेला. १ जुलै २००० रोजी पूल, कृत्रिम बेट आणि समुद्राखालील बोगदा असा मिळून सुमारे सोळा किलोमीटरचा ओरेसुंद मार्ग खुला झाला आणि हे शहर समुद्रापलीकडच्या, डेन्मार्कमधील कोपनहेगनशी थेट जोडले गेले. सुरुवातीची वाहनसंख्या अंदाजापेक्षा कमी होती आणि टीकाही झाली. पुढे मात्र घरांच्या किमतीतील आणि पगारातील तफावत लोकांच्या ध्यानात आली, माल्मोत राहून कोपनहेगनमध्ये काम करणाऱ्यांची संख्या वाढली, आणि दोन शहरांचा मिळून एक मोठा श्रमबाजार तयार झाला. अशा विस्तृत श्रमबाजारात उद्योगाला हव्या त्या कौशल्याचा माणूस सापडणे सोपे होते आणि माणसालाही एक नोकरी गेल्यास घर न बदलता दुसरी शोधता येते. अर्थशास्त्रात एकवटण्याचे लाभ म्हणून जे ओळखले जातात ते हेच, आणि प्रवासाच्या मिनिटांच्या हिशेबात ते पूर्णपणे सामावत नाहीत. येथे आणखी दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. माल्मोने पुलाच्या दोन वर्षे आधीच, १९९८ मध्ये, नव्या उच्चशिक्षण संस्थेचा पाया घातला होता. आणि सीमेपलीकडे काम करणाऱ्याने कर कोणत्या देशात भरायचा यासाठी दोन्ही सरकारांना वेगळा करार करावा लागला. पूल बांधून झाल्यावरही अशी किती बांधकामे उरलेली असतात!

आपल्या भागापुरते सांगायचे तर, प्रश्न असा विचारावा की येथे असे काय आहे जे उचलून शहरात नेता येत नाही. खनिज, पाणी, मोकळी जमीन, पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले एखादे कसब किंवा चांगली शिक्षणसंस्था असेल, तर मार्ग त्याला ग्राहक मिळवून देतो. जेथे केवळ अंतराच्या आडोशाने टिकलेला व्यवसाय आहे, तेथे मार्ग येण्यापूर्वीच त्या व्यवसायाला वेगळे वळण देण्याची तयारी करावी लागते, आणि त्या तयारीचा खर्च मार्गाच्या खर्चाचाच भाग मानला पाहिजे, असे माझे मत आहे.

प्रश्न : श्रीमंत प्रदेशांत चांगले रस्ते असतात हे उघड आहे. परंतु रस्त्यांमुळे श्रीमंती आली की श्रीमंतीमुळे रस्ते आले, हे कसे ठरवायचे?

उत्तर : याच प्रश्नावर अर्थशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. डेव्हिड अशाउर यांनी १९८९ मध्ये अमेरिकेची आकडेवारी मांडून असा दावा केला, की सार्वजनिक भांडवल, म्हणजे रस्ते-पुलांसारखी सरकारी मालमत्ता, एक टक्क्याने वाढले तर खासगी क्षेत्राची उत्पादकता सुमारे ०.३९ टक्क्याने वाढते. आकडा इतका मोठा होता की राजकारण्यांना तो आवडला आणि संख्याशास्त्र जाणणाऱ्यांना खटकला. कारण आपण म्हणता तीच अडचण त्यात होती. भरभराटीच्या काळात सरकारकडे पैसा असतो आणि तेव्हाच रस्ते होतात, मग दोन्ही आलेख एकत्र चढले तर कारण कोणते आणि परिणाम कोणता?

जॉन फर्नाल्ड यांनी १९९९ मध्ये यावर चतुर तोड काढली. रस्त्यांमुळे खरोखरच फायदा होत असेल, तर ज्या उद्योगांत वाहनांचा वापर अधिक आहे त्यांना तो अधिक व्हायला हवा. १९५६ च्या कायद्याने अमेरिकेत सुमारे ४१,००० मैलांचे आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभारायला घेतले होते. त्या बांधणीच्या काळात वाहनांवर अधिक विसंबणाऱ्या उद्योगांची उत्पादकता खरोखरच अधिक वाढल्याचे त्यांना दिसले. परंतु १९७३ नंतर तशी जादा वाढ उरली नाही. पहिले जाळे देशाला एक मोठी उडी मारून देते. त्याच जागी दुसरे जाळे विणले तर तेवढीच दुसरी उडी मिळत नाही. जेथे बारमाही रस्ताच नाही तेथील पहिला रस्ता आणि जेथे दोन महामार्ग आहेत तेथील तिसरा महामार्ग यांना एकाच मापाने मोजणारे अहवाल मी फारसे गांभीर्याने घेत नाही.

प्रश्न : रस्ता रुंद केला की कोंडी संपेल आणि शहराची उत्पादकता वाढेल, हे गणित बरोबर आहे का?

उत्तर : वर्दळीच्या महानगरात सहसा नाही. अँथनी डाऊन्स यांनी १९६२ मध्येच दाखवून दिले होते, की गर्दीच्या वेळी रस्त्यावर जागा झाली की आजवर दुसऱ्या वेळी, दुसऱ्या वाटेने किंवा दुसऱ्या साधनाने जाणारे लोक तेथे येतात. जिल ड्युरांतों आणि मॅथ्यू टर्नर यांच्या २०११ च्या अभ्यासात तर, अमेरिकी महानगरांत आंतरराज्य महामार्गांच्या मार्गिका ज्या प्रमाणात वाढल्या जवळपास त्याच प्रमाणात वाहनांचा एकूण प्रवास वाढल्याचे आढळले. वाढलेला प्रवास निरर्थक असतो असे नाही, लोक काही कामासाठीच बाहेर पडतात. पण कोंडी कमी झाल्याचा लाभ मात्र हिशेबातून वजा करावा लागतो. स्टॉकहोमने २००६ मध्ये गर्दीच्या भागात प्रवेशाचे शुल्क आकारून पाहिले, तेव्हा त्या हद्दीतून जाणारी वाहने सुमारे वीस टक्क्यांनी घटली, आणि २००७ पासून ते शुल्क कायम झाले. असलेल्या रस्त्याचा चांगला वापर हीसुद्धा गुंतवणूकच असते, फक्त तिच्यासाठी फीत कापता येत नाही.

प्रश्न : निधी अपुरा असताना नवे प्रकल्प घ्यावेत की जुन्या मार्गांची देखभाल करावी?

उत्तर : बहुतेक ठिकाणी देखभाल आधी. याची कारणे रस्त्याच्या स्वभावातच आहेत. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून एक प्रसिद्ध चाचणी घेतली गेली. तिच्यातून असे निघाले, की रस्त्याची झीज वाहनाच्या आसावरील भाराच्या साधारण चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. आसावरचा भार दुप्पट झाला तर झीज दुपटीने नव्हे, सुमारे सोळा पटींनी वाढते. त्यामुळे जादा माल भरलेले थोडे ट्रकही रस्त्याचे आयुष्य संपवून टाकतात, आणि वजनकाट्यावर केलेली डोळेझाक पुढे कोट्यवधींच्या पुनर्बांधणीच्या रूपाने फेडावी लागते.

जागतिक बँकेच्या १९९४ च्या विकास अहवालात आफ्रिकेचा हिशेब दिला आहे : वेळच्या वेळी देखभालीवर १२ अब्ज डॉलर खर्च केले असते, तर आधीच्या दशकात रस्ते नव्याने बांधण्यासाठी लागलेले ४५ अब्ज डॉलर वाचले असते. या आकड्यांत खड्ड्यांमुळे वाहनमालकांना सोसावा लागलेला टायरांचा, इंधनाचा आणि मोडतोडीचा खर्च वेगळाच आहे.

देखभालीच्या जोडीला पर्यायी वाटेचाही विचार हवा, आणि तो श्रीमंत देशांतही राहून जातो. जर्मनीत राश्टाट येथे १२ ऑगस्ट २०१७ रोजी नव्या बोगद्याचे काम चालू असताना वरच्या चालू मार्गाचे रूळ खचले. ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातील हा मार्ग म्हणजे उत्तर समुद्रावरील बंदरे, स्वित्झर्लंड आणि इटली यांना जोडणारी मालवाहतुकीची मुख्य वाहिनी. तो २ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे ५१ दिवस बंद राहिला. वळणाच्या मार्गांवर पुरेशी क्षमता नव्हती, काही मार्गांवर दुसऱ्या देशाची भाषा आणि नियम जाणणारे चालक मिळेनात, आणि गाड्या ठिकठिकाणी खोळंबल्या. त्याच्या आदल्या वर्षीच स्वित्झर्लंडने याच वाहिनीवर, आल्प्सच्या पायथ्यातून जाणारा ५७ किलोमीटर लांबीचा गोटहार्ड रेल्वे-बोगदा खुला केला होता. जगातील सर्वांत लांब रेल्वे-बोगदाही त्या ५१ दिवसांत शेजारच्या देशातील काही मीटर खचलेल्या रुळांपुढे हतबल ठरला.

प्रश्न : एखाद्या प्रकल्पाचे समर्थन वाचताना सामान्य नागरिकाने कोणते प्रश्न विचारावेत?

उत्तर : सर्वप्रथम खर्चाच्या अंदाजाकडे संशयाने पाहावे. बेंट फ्लिव्यर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वीस देशांतील २५८ वाहतूक प्रकल्प तपासले, तेव्हा दहांपैकी नऊ प्रकल्पांत प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा अधिक निघाला. वाढ सरासरीने रेल्वेत सुमारे ४५ टक्के, पूल व बोगद्यांत ३४ टक्के आणि रस्त्यांत २० टक्के होती. केवळ योगायोगाने चुका झाल्या असत्या तर काही अंदाज जास्त आणि काही कमी निघाले असते. सगळ्या चुका एकाच दिशेला जात असतील तर अंदाज मंजुरी मिळवण्यासाठी लिहिला गेला, असे मानण्यास जागा राहते.

नंतर मागणी कोठून येणार हे विचारावे. स्पेनमध्ये माद्रिदच्या दक्षिणेला सुमारे दोनशे किलोमीटरवर सियुदाद रेआल येथे चार किलोमीटरहून लांब धावपट्टी असलेला विमानतळ २००८ च्या अखेरीस सुरू झाला. त्यावर एक अब्ज युरोहून अधिक खर्च झाला होता आणि माद्रिदच्या विमानतळावरील गर्दी इकडे वळेल, असा भरवसा दिला गेला होता. विमान कंपन्या आल्या नाहीत, आणि २०१२ मध्ये तो बंद झाला. सुविधा उभी राहिली म्हणून मागणी निर्माण होत नाही. दबून राहिलेल्या मागणीला ती फक्त वाट करून देते.

आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी, तरीही क्वचितच विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, आज मालाचा सर्वांत जास्त वेळ नेमका कोठे जातो? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सागरी वाहतुकीचा मोठा खर्च समुद्रात नव्हे, धक्क्यावर होत असे. पोती, पेट्या आणि पिंपे एकेक करून चढवण्यात आणि उतरवण्यात दिवसच्या दिवस जात. माल्कम मॅक्लीन हा मुळात ट्रकवाहतुकीचा व्यावसायिक. त्याने २६ एप्रिल १९५६ रोजी नेवार्कहून ह्यूस्टनकडे एका जुन्या तेलवाहू जहाजावरून ५८ कंटेनर, म्हणजे आतल्या मालासकट अख्ख्या उचलता येणाऱ्या मोठ्या धातूच्या पेट्या, पाठवल्या, तेव्हा भराईचा खर्च टनामागे सुमारे ५.८० डॉलरवरून १६ सेंटच्या आसपास आला. जहाजाचा वेग त्याने वाढवला नव्हता.

झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवर झांबेझी नदीकाठी चिरुंडू येथे २००२ मध्ये दुसरा पूल झाला. तरीही मालाचे ट्रक तेथे कित्येक दिवस उभे राहत, कारण नदीच्या एका काठावर तपासणी झालेली तीच कागदपत्रे दुसऱ्या काठावर पुन्हा पहिल्यापासून तपासली जात. डिसेंबर २००९ मध्ये दोन्ही देशांनी एकत्रित तपासणी नाके सुरू केले, जे आफ्रिकेतील अशा प्रकारचे पहिले नाके मानले जाते. तेव्हापासून दोन्ही देशांचे अधिकारी एकाच छताखाली बसतात आणि ट्रकला एकाच काठावर थांबावे लागते.